बदकांच्या आवारातला जंतू

रिगमोर आमच्या कारखान्यात जंतू वाढवायची आणि मी तिच्या खालच्या मजल्यावर डागाळलेल्या कापडाच्या पट्ट्या धुवायची. मैत्री त्यातूनच झाली. रक्त, दूध आणि शाई एकत्र कालवून मुद्दाम डागाळलेल्या त्या पट्ट्या असत. वरून रिगमोर बाटलीत कसल्या ना कसल्या जंतूचा रस पाठवायची. तो साबणाच्या पाण्यात घालायचा, पट्टी धुवायची, वाळवायची, इस्त्री करायची आणि यंत्राखाली धरून किती उजळली ते बघायचं. घरी गेल्यावर नवऱ्याचे शर्ट धुवायचा मला कंटाळा यायचा, तो त्यामुळेच.

पासष्ट-सहासष्ट साल असेल. रक्ताचा, अंड्याचा, दुधाचा डाग नुसत्या साबणानं जात नाही, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. मातीतले काही जंतू मात्र असल्याच गोष्टींवर जगतात. खाणं पचवायला ते अंगाबाहेर एक रस सोडतात, त्यातलं एन्झाइम डागाचे बारीक बारीक तुकडे करतं आणि मग डाग पाण्यात निघून जातो. एवढं सगळ्यांना कळलं होतं. अडत होतं ते पुढे. धुण्याच्या पाण्यात सोडा असतो, पाणी कढत असतं आणि त्यात बहुतेक एन्झाइमं निकामी होतात. सोड्याला आणि उष्णतेला पुरून उरेल असा जंतू हवा होता. आमच्या स्टेनवीग गावाच्या आसपासची माती रिगमोरनं चमच्या-चमच्यानं गोळा केली होती. दफनभूमीतली, खाटिकखान्यामागची, बंदरावर मासे साफ करतात तिथली.

एका शनिवारी ती मला म्हणाली, "तोवा, सायकल काढ. एस्किलकडे जाऊन येऊ."

एस्किल तिचा धाकटा भाऊ. आईवडिलांची जमीन तोच बघायचा. दोन गाई, थोडी डुकरं आणि मुख्य म्हणजे बदकं. छाती रुंद, आवाज असा की आवारातून त्यानं हाक मारली की रस्त्यावरचा सायकलवाला मागे वळून बघायचा. आम्ही पोचलो तेव्हा तो लाकडी बूट घालून चिखलात उभा होता. रिगमोरनं मुरंब्याची रिकामी बरणी काढली आणि बदकांच्या खुराड्याखाली हात घातला.

"एवढी शिकलीस," एस्किल म्हणाला, "आणि शेवटी कारखान्यानं तुला आमची घाण उचलायला पाठवलं."

"तुझ्याकडे दुसरं आहे तरी काय द्यायला?"

"बोडिलला विचार. ती म्हणते, हेसुद्धा नीट देत नाही."

बोडिल, त्याची बायको, दारातून म्हणाली, "घेऊन जा बाई सगळी. पायपुसण्यावर तरी येणार नाही."

रिगमोरचा हिशेब सरळ होता. खुराडी दर वर्षी चुन्यानं रंगवलेली, त्यावर बदकांची विष्ठा आणि गळलेली पिसं, वर्षानुवर्षं कुजलेली. अशा चुन्यानं मुरलेल्या मातीत जो जंतू सुखानं राहतो तो सोड्याला काय भिणार? आणि झालंही तसंच. दूध घातलेली जेली थिजवलेल्या काचेच्या बश्यांवर तिनं ती माती पसरली. ज्या जंतूला दूध पचतं त्याच्याभोवती स्वच्छ गोल उमटतो. बदकांच्या मातीतल्या एका जंतूभोवती उमटलेला गोल इतका मोठा होता की शेजारच्या जंतूंना जागाच उरली नाही. मी पट्टी धुतली, तर ती नवी कोरी निघाली. मला वाटलं, चुकून डाग नसलेलीच पट्टी घेतली की काय. पुन्हा धुऊन बघितली.

प्रयोगशाळेत त्या जंतूला एक क्रमांक मिळाला, पण सगळे त्याला 'बदक'च म्हणत. लुंडगॉरसाहेब, आमचे मुख्य इंजिनिअर, स्वतः वर येऊन रिगमोरचा हात हातात घेऊन गेले. त्या नाताळात एस्किलनं भाजलेलं एक बदक तिच्या घरी पाठवलं. सोबत निरोप होता, "याच्या खापरपणजीला पेटंट मिळायला हवं होतं."

मग सगळं भराभर झालं. जर्मनी, हॉलंड, इंग्लंड, सगळीकडच्या साबणवाल्यांना आमची पावडर हवी होती. मोठमोठ्या टाक्यांत 'बदक' वाढवायचं, रस गाळायचा, वाळवायचा, दळायचा आणि कागदी पोत्यांत भरायचा. नवा हॉल उभा राहिला. माणसं मिळेनात. एस्किलची पाठ तेव्हा दुखू लागली होती आणि बोडिलला गावात राहायचं होतं. दार उघडलं की दुकान, शेजार, आत न्हाणीघर. रिगमोरनंच लुंडगॉरसाहेबांकडे शब्द टाकला. जमीन शेजाऱ्यानं घेतली, बदकं विकली आणि एस्किल पावडरीच्या हॉलमध्ये पोती भरायला लागला.

"तिथेसुद्धा बदकंच," तो म्हणायचा. "फक्त ओरडत नाहीत."

त्या हॉलमध्ये मी दोन-तीनदाच गेले असेन. पिठाच्या गिरणीसारखं होतं. तपकिरी धूळ खिडक्यांवर, दिव्यांवर, माणसांच्या भुवयांवर बसलेली. पोतं भरताना ढग उठायचा आणि बराच वेळ खाली बसायचा नाही. पुरुषांच्या बोटांची टोकं सोलवटायची, कारण घाम आला की ती पावडर कातडीवर कामाला लागायची. कुणाच्या नाकातून रक्त यायचं. त्यावर त्यांचे विनोद चालत. 'साहेबांनी आपल्यालाही धुवायला घेतलंय,' असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे खोकत हसायचे.

पहिलं वर्ष एस्किलला काही झालं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात संध्याकाळी घरी आला की छाती आवळल्यासारखी व्हायची. घरी येताना चर्चजवळच्या चढाशी तो सायकलवरून उतरून, ती हातात धरून चालू लागला. कुणी बघितलं तर वाकून चाक तपासल्यासारखं करायचा. रविवारी बरं वाटायचं. सोमवारी पुन्हा तेच. कारखान्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि पाइप सोडायला सांगितलं. त्यानं पाइप सोडला. फरक पडला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दोघं समुद्रकाठी बोडिलच्या माहेरी गेली. तिथे एस्किल पूर्वीसारखा झाला. पोहायचा, मोठ्यानं बोलायचा, जेवायला मागून घ्यायचा. बोडिल नंतर मला म्हणाली, "मला वाटलं, गेलं एकदाचं." सुट्टी संपवून तो हॉलमध्ये परत गेला आणि दुपारच्या आतच दोघांनी त्याला धरून बाहेर आणलं. भिंतीला टेकून बसला होता, ओठ निळे, खांदे कानांपर्यंत चढलेले. श्वास आत जात होता, पण बाहेर यायला वाट मिळत नव्हती. मी खिडकीतून बघितलं आणि वर पळत जाऊन रिगमोरला आणलं. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. पांढरा झगा घातलेला होता तिनं, आणि त्याचा श्वास आणखीच अडकायला लागला. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर आलं, की ती धूळ झग्यावरही होती.

त्याच आठवड्यात तिनं त्याच्या स्वयंपाकघरात ती परीक्षा केली. मीही होते. बोडिलनं कॉफी ठेवली होती, टेबलावर राय धान्याचा काळा पाव आणि चीज होतं, पण कुणी हात लावत नव्हतं. रिगमोरनं शिवणाची सुई उकळून घेतली. एस्किलच्या हातावर दोन थेंब ठेवले. एक मिठाच्या पाण्याचा, दुसरा त्या पावडरीच्या खूप पातळ केलेल्या पाण्याचा. प्रत्येक थेंबातून सुईनं किंचित टोचलं.

"आता?" एस्किल म्हणाला.

"आता कॉफी पी."

"आणि मेलो तर?"

"तर बोडिलला पुन्हा लग्न करता येईल," रिगमोर म्हणाली, पण तिची नजर त्याच्या हातावरून हलली नाही.

मिठाच्या पाण्याखाली काहीच उठलं नाही. दुसऱ्या जागी आधी खाज सुटली, मग पांढरी फुगीर गाठ आली आणि भोवती लाल होत गेलं. बोडिलनं ओला रुमाल आणला. रिगमोरनं तो लावू दिला नाही, गाठ वाढायची थांबेपर्यंत ती बघत राहिली.

"डास चावल्यासारखं आहे," एस्किल म्हणाला.

"तुझ्या अंगानं ही पावडर ओळखून ठेवलीय. रक्तात बसलीय ती. आता कणभर जरी आत गेली तरी छाती दार लावून घेणार."

"किती दिवस?" बोडिलनं विचारलं.

रिगमोरनं सुई रुमालात गुंडाळली. "ते अंग विसरत नाही, बोडिल."

पुढे तिनं स्वतःच्या हातावरही थेंब ठेवला. गाठ उठली. एस्किलएवढी नाही, पण उठली. तिनं बाही खाली केली आणि मला म्हणाली, "हे कुणाला सांगू नकोस."

लुंडगॉरसाहेबांशी तिचं बोलणं झालं ते माझ्याच खोलीत, मी पट्ट्यांना इस्त्री करत असताना. ते नमुने बघायला आले होते, आणि तिनं त्यांना दारातच गाठलं.

"हॉलमधल्या प्रत्येकाची परीक्षा करायला हवी," ती म्हणाली. "एस्किल एकटा नाही. निदान दहा-बारा जणांच्या छातीतून शीळ ऐकू येते."

"डॉक्टर म्हणतात, थंडी आणि तंबाखू."

"तंबाखू ते लहानपणापासून ओढतायत. पावडर आत्ता आलीय."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मी काय करू सांगा. उद्या हॉल बंद करू? अर्धं स्टेनवीग त्या हॉलवर जेवतं. पंखे लावतो. तोंडाला बांधायचे मुखवटे मागवतो. तुमच्या भावाला गेटवर बसवतो. पण बाहेर बोलू नका. साबणवाले आधीच बिचकलेत."

"आणि बाकीचे?"

"तुम्ही वाढवलेलाच जंतू आहे, बाईसाहेब. त्याला पोत्यात बसवायचा उपाय तुम्हीच शोधा."

टोमणा होता की विनंती, मला कळलं नाही. रिगमोरलाही कळलं नसावं. पण ती त्या उपायामागे लागली. दोन वर्षं तिनं दुसरं काही केलं नाही.

पंखे लागले. त्यांनी हॉलमधली धूळ अंगणात आणून टाकली. मुखवटे रबराचे होते. उकाड्यात माणसं ते गळ्यात लोंबकळत ठेवायची. एस्किल गेटवरच्या काचेच्या खोपीत बसू लागला. पाळी सुटली की माणसं त्याच्यासमोरून घोळक्यानं जायची. त्यांच्या कोटांवर धूळ असायची. ती माणसं प्रेमानं खोपीत डोकावून 'काय रे बदकवाल्या' म्हणायची, आणि ती गेली की तो खिडकीची कडा धरून उभा राहायचा. शेवटी तेही सुटलं. कोपनहेगनच्या छातीच्या डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितलं, कारखान्याच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी श्वास थोडा मोकळा झाला, पण चेहरा सुजून असा गोल झाला की बाजारात जुनी ओळखीची माणसं त्याच्या शेजारून निघून जायची.

त्याच सुमाराला इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत कामगारांच्या छातीच्या बातम्या आल्या. मग आमच्याकडेही आल्या. बायका घाबरल्या, दुकानांत पावडरीचे डबे पडून राहिले, आणि कारखान्यानं बऱ्याच माणसांना घरी पाठवलं. मग कॅन्टीनमध्ये निराळंच बोलणं सुरू झालं.

"एकाला खोकला झाला तर गावाचं जेवण बंद," एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला. "बहीण प्रयोगशाळेत असली की खोकल्यालाही भाव येतो."

बोडिल दुकानात गेली की बोलणी थांबायची. गावात शेजार असावा म्हणून ती आली होती.

आता रिगमोरचं सांगायचं, तर भावाच्या घरी ती जाऊ शकत नव्हती. आंघोळ करून, कपडे बदलून, केस रुमालात बांधून ती जायची, तरी थोड्या वेळात त्याची छाती वाजायला लागायची. ती धूळ तिच्या केसांत होती, चपलांत होती, पर्सच्या शिवणीत होती. शेवटी दोघांनी बंदराच्या धक्क्यावर भेटायचं ठरवलं. तो वारा येतो त्या बाजूला उभा राहायचा, ती त्याच्यापासून चार-सहा हात लांब, वारा जातो त्या बाजूला. एका रविवारी मी तिच्याबरोबर होते.

"जवळ येऊ नको, महारोगी आहेस तू," एस्किल लांबून म्हणाला. पूर्वीचा आवाज गेला होता. वाऱ्यात त्याचे शब्द तुटत होते.

"सूज उतरलीय तुझी."

"खोटं बोलायला कुठे शिकलीस? प्रयोगशाळेत?"

ती त्याला नव्या मण्यांबद्दल सांगत होती. पावडर मेणासारख्या वितळलेल्या पदार्थात कालवून थंड हवेत फवारली की बारीक मणी तयार होतात. एन्झाइम आत बंद. हातावर घेतलं तरी धूळ नाही. पाण्यात पडलं की मेण सुटतं आणि आतलं बाहेर येतं. मी पट्ट्यांवर करून बघितलं होतं, डाग पूर्वीइतकाच जात होता.

"म्हणजे आता कुणाला होणार नाही," एस्किल म्हणाला.

"नव्या माणसांना होणार नाही."

"मग चांगलंय की."

रिगमोरला वाटलं असावं, तो आणखी काही म्हणेल. रागावेल, शिवी देईल. त्यानं कोटाची कॉलर वर केली आणि विचारलं, "आईचं घड्याळ तुझ्याकडे चालतंय का?"

"चालतंय. मागे पडतं."

"ते नेहमीच पडायचं."

एवढंच बोलून आम्ही परतलो. त्यानंतर थंडी आली. थंड हवा छातीत गेली तरी त्याला तसंच व्हायचं, त्यामुळे धक्काही बंद झाला. घरात ती नको आणि बाहेर हवा नको. फोनवर बोलायचे, पण त्याला दोन वाक्यांनंतर थांबावं लागायचं. मग ती एकटीच बोलायची, हवामान आणि काय काय, आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा.

मणी कारखान्यात सुरू झाले. हॉल धुतला, भिंती रंगवल्या, सगळं बंद नळ्यांतून चालू लागलं. साबणवाले परत आले, माणसं परत आली. लुंडगॉरसाहेबांनी मोठं जेवण दिलं, स्नॅप्स दारूचे पेले भरले आणि रिगमोरच्या नावानं उंच धरले. ती उभी राहिली, सगळ्यांचे आभार मानले आणि सांगितलं की नव्या वर्षापासून मी येणार नाही.

"आता?" साहेब म्हणाले. "आता, सगळं मार्गी लागल्यावर?"

"आता माझ्या घराची धूळ निघायला वेळ लागेल," ती म्हणाली. त्यांना अर्थ कळला नाही.

तिनं घर रिकामं केलं. पडदे, गालिचे, हिवाळी कोट, सगळं देऊन टाकलं. केस कानांपर्यंत कापले. नवे कपडे घेतले आणि ते साध्या साबणानं स्वतः उकळले. भिंती पुसल्या, पुन्हा पुसल्या. फेब्रुवारीत कधीतरी तिनं बोडिलला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी गेली. मी मुद्दाम गेले नाही, कारण मी अजून कारखान्यातच होते. काय झालं ते बोडिलनं सांगितलं.

एस्किल खिडकीपाशी खुर्चीत, पुढे उशीवर वाकून बसला होता. त्याला आडवं होता येत नव्हतं. रिगमोर दारात थांबली. तो वाट बघत राहिला, छाती काय करते याची. तिघंही वाट बघत राहिली. काहीच झालं नाही. मग ती आत येऊन त्याच्यासमोर बसली. किती महिन्यांनी.

"केस कापलेस," तो म्हणाला.

"हो."

"नोकरी सोडलीस म्हणे."

"हो."

श्वास गोळा करून तो म्हणाला, "मूर्ख आहेस. मी आहे तसाच आहे. निदान एकाचं तरी नीट चाललं होतं."

बोडिल म्हणाली, त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त वाईट वाटलं. रिगमोर रोज जाऊ लागली. वाचून दाखवायची, पाठ चोळायची, चमच्यानं सूप द्यायची. पण दोघांना बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आधी भेटता येत नव्हतं तेव्हा सांगायचं खूप आहे असं दोघांनाही वाटत असावं. एकदा तो तिला म्हणाला, "तू आलीस की मला बरं दिसावं लागतं. थोडी उशिरा येत जा." ती दुपारनंतर येऊ लागली.

मार्चच्या शेवटी त्याला साधी सर्दी झाली. इस्पितळात नेलं, नळ्या लावल्या. दोन बाजूंना बोडिल आणि रिगमोर बसून होत्या. सकाळी नर्सनं खिडकी उघडली आणि त्याच्याकडे बघून पुन्हा लावून घेतली. तो गेला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.

अंत्यविधीला हॉलमधली माणसं आली. कॅन्टीनमध्ये बोलणारी होती तीही. चर्चच्या आत न येता ती दाराबाहेर, वारा बाहेर जाईल अशा बाजूला उभी राहिली. आता त्याची गरज नव्हती, पण आत या असं त्यांना कुणी म्हटलं नाही. त्यांतल्या तिघा-चौघांना चर्चपर्यंतचा चढ चढताना मध्ये थांबावं लागलं होतं. त्यांचे आजार कुणीच कारखान्याच्या नावावर मांडले नाहीत. कारखान्याच्या डॉक्टरांच्या पुस्तकात तो रोग तेव्हा नव्हताच. ती माणसं पुढे एकेक करून घरी बसली.

पंधरा दिवसांनी बोडिलनं मला बोलावलं. एस्किलचे कपडे चर्चमध्ये द्यायचे होते, आणि त्याच्या सदऱ्यांवर सूप, औषध आणि नाकातल्या रक्ताचे डाग राहिले होते. घरात इतके दिवस फक्त साधा साबण चालत होता, त्यानं ते गेले नव्हते. असे कसे द्यायचे, ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्याकडे असेल ना ते." मी दुकानातून आमच्या मण्यांचा डबा आणला. तिनं कढत पाण्यात मणी टाकले, सदरे भिजवले आणि आम्ही स्वयंपाकघरात बसून राहिलो. सदरे स्वच्छ निघाले. तिनं ते वाळत घातले, इस्त्री केली, घड्या घातल्या. मला चहा दिला. उरलेला डबा तिनं परत दिला नाही.

रिगमोर दूर पश्चिमेला, युटलंडला निघून गेली, एका छोट्या दूधसंघात. आलेल्या दुधाचे नमुने तपासायचे, एवढंच काम. तिला त्याहून मोठी कामं देऊ करणारे होते, ती गेली नाही. मी तिच्याकडे एकदाच गेले, त्यानंतर तीन-चार वर्षांनी. भाड्याची खोली, वरचा मजला, खिडकीतून सपाट शेतं. मला घ्यायला ती खाली आली होती. जिना चढून आल्यावर ती बराच वेळ खिडकीला टेकून उभी राहिली, आणि मला तिच्या छातीतून ओळखीची शीळ ऐकू आली. मी विचारणार होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी विचारलं नाही. मग तिनं कॉफी केली.

"अजून पट्ट्या धुतेस?" ती म्हणाली.

"धुते. आता यंत्र आलंय, मी नुसती आत टाकते."

"कुठला जंतू आहे आता?"

"नवा आहे. कुठल्याशा तळ्याकाठचा. गार पाण्यातसुद्धा चालतो म्हणे."

"गार पाण्यात," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं, जुनं, प्रयोगशाळेतलं. तिला पुढचं विचारायचं होतं. किती अंशांना, सोडा किती, गोल केवढा उमटतो. तिनं कप उचलला आणि विचारलं नाही. मग बोडिल कशी आहे ते विचारलं. बोडिल तिच्या बहिणीकडे राहायला गेलीय, मी सांगितलं. आम्ही आणखी थोडा वेळ बसलो. पाव कापला, खाल्ला. बाहेर अंधारून आलं तसं तिनं माझा रोज कारखान्यात घालून जायचा कोट खुंटीवरून काढून दिला. तो हातात घेताना तिनं चेहरा थोडा बाजूला वळवला होता आणि श्वास धरून ठेवला होता.

"तुझी बस चुकेल," ती म्हणाली.

मी कोट रस्त्यावर गेल्यावर घातला.